खाजन-दर्शन : कुटुंबाच्या एका सहलींतून मिळालेला धडा

शेतकऱ्याच्या घरीं सहल ही गोष्ट बहुधा नसते. ज्यास रोज शेतांत जावयाचें त्यानें आणखी हिंडावयास कोठें जावें, असा आपणां सर्वांचा समज आहे. देवदर्शन, लग्नकार्य आणि बाजार एवढ्याच निमित्तांनीं आपलें कुटुंब एकत्र बाहेर पडतें. यंदाच्या दिवाळींत मात्र आम्हीं रेडीच्या घरचीं लहानथोर नऊ माणसें केवळ दुसऱ्यांचें शेत पाहण्याकरितां एक सबंध दिवस बाहेर काढला. तें शेत एकाचें नव्हे, पुष्कळांचें मिळून होतें. आणि तें पाहण्यांत मौजेखेरीज आमचा एक स्वार्थही होता. त्या दिवशीं जें शिकावयास मिळालें तें खाडीकांठीं जमीन असलेल्या वाचकांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहें.

सहलीचें कारण

रेडी हें वेंगुर्लें तालुक्याच्या दक्षिण टोकाचें गांव. यशवंतगड, गणपतीचें देऊळ, लोखंडाची खाण आणि बंदर यांमुळें तें बाहेरच्या लोकांस ठाऊक आहे. गडाच्या पायथ्याशीं खाडी आहे व तिच्या कांठच्या सखल भागांत आमचा एक सामाईक कोपरा आहे. क्षेत्र ४ एकर २० गुंठे, घराणीं सात, आणि सात-बाराच्या उताऱ्यावर नांवें तेवीस. या सर्वांच्या भातास खाऱ्या पाण्यापासून राखणारा बांध एकच. तो आमच्या वडिलांच्या पिढीनें दर उन्हाळ्यांत हातानें डागडुजी करून टिकविला होता.

सहा वर्षांपूर्वीं पावसाळ्यांतील एका उधाणांत त्या बांधास भगदाड पडलें. प्रथम तें दोन हात रुंद होतें. चार माणसांनीं दोन दिवस खपून बुजविलें असतें. परंतु सात घराण्यांपैकीं गांवांत राहणारीं दोनच. बाकीचीं मुंबईस, पुण्यास व गोव्यांत. गांवांतल्यांनीं बाहेरच्यांची वाट पाहिली आणि बाहेरच्यांनीं गांवांतल्यांवर भरंवसा ठेविला. त्या वर्षीं पीक निम्मे आलें, दुसऱ्या वर्षीं रोप तग धरीना, आणि आतां त्या जागेंत जागोजाग तिवरांचीं रोपें उभीं राहिलीं आहेत.

ही तिवरांची गोष्ट वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावी. तिवरें तोडण्यास व तीं असलेल्या जागीं भराव किंवा बांधकाम करण्यास मुंबई उच्च न्यायालयानें २००५ मध्यें मनाई केली व २०१८ च्या अंतिम निकालानें ती कायम झाली. हा निर्बंध योग्यच आहे, कारण बांधाच्या बाहेर उभें असलेलें तिवर हाच बांधाचा पहिला पहारेकरी होय. लाटेचा जोर तें आपल्या अंगावर घेतें. पण त्यामुळेंच एक गोष्ट घडते. बांध फुटून भरतीचें पाणी शेतांत खेळूं लागलें कीं दोन-चार वर्षांत तेथें तिवरें रुजतात, आणि मग ती जमीन कागदावर शेत व कायद्यापुढें वन अशी होऊन बसते. आज जो बांध चार माणसें घालूं शकतात तो उद्यां कोणासही घालतां येणार नाहीं. आमचा कोपरा या सीमेवर येऊन ठेपला होता.

पत्रें लिहून व दूरध्वनीवर बोलून मी थकलों होतों. भाऊ वाईट नाहीं, बहीणही नाहीं. पण ज्यानें बांध कधीं पाहिला नाहीं त्यास बांध फुटला म्हणजे काय झालें हें शब्दांनीं कळत नाहीं. म्हणून दिवाळीस मुंबईचा धाकटा भाऊ कुटुंबासह आला व बहीण भाऊबीजेस आली, तेव्हां भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीं सर्वांनीं मिळून पेडणें तालुक्यांतील कोरगांवच्या बाजूचें एक खाजन पाहावयास जावें असें ठरविलें. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिनेंही येण्याचा हट्ट धरला.

दिवस कसा निवडावा

खाजन पाहावयाचें तर भरती व ओहोटी दोन्ही उजेडीं पाहावयास मिळतील असाच दिवस घ्यावा. कोळ्यांचा जुना ठोकताळा असा आहे कीं, तिथीची पाऊणपट करावी म्हणजे पूर्ण भरतीची वेळ येते. तृतीयेस तीनाचे पाऊणपट सवादोन, चतुर्थीस तीन, याप्रमाणें. हा हिशेब मुंबईच्या बंदराचा आहे. आमच्या व गोव्याच्या किनाऱ्यास भरती मुंबईपेक्षां सुमारें एक तास आधीं येते, आणि नदीच्या मुखापासून जसजसें आंत जावें तसतसा पुनः थोडा उशीर होतो. उधाणाच्या दिवशीं भरती-ओहोटीच्या पातळींतील अंतर गोव्याच्या किनाऱ्यावर सुमारें २ मीटर असतें; मुंबईस तें याच्या दुपटीहून अधिक होतें. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, हें खाडीकांठच्या वाचकांस सांगावयास नकोच. कार्तिक शुद्ध तृतीयेस उधाण पुरतें ओसरलेलें नसतें व मध्यान्हीनंतर भरती पूर्ण होते. हाच दिवस आम्हांस सोयीचा होता.

सकाळीं रेडीहून तेरेखोलास गेलों. तेथील किल्ल्याखालच्या धक्क्यावरून फेरीबोटीनें नदी ओलांडून केरीस उतरलों व तेथें ठरविलेल्या गाडीनें खाजनाच्या बांधाशीं पोंचलों, तेव्हां अकरा वाजून गेले होते. बरोबर डब्यांत वडे व काळ्या वाटाण्याचें सांबारें घेतलें होतें. आमच्या ओळखीचे एक वृद्ध शेतकरी आमची वाट पाहात उभे होते. कापणी संपत आली होती. कांहीं सखल कुणग्यांत मात्र भात उभें होतें व बायामाणसें कमरेंत वांकून तें कापीत होतीं.

खाजनाची रचना

खाजन म्हणजे खाडीच्या भरतीखालीं जाणारी सखल जमीन बांध घालून पिकाखालीं आणलेली. गोव्यांत मांडवी, जुवारी, शापोरा, तेरेखोल इत्यादि नद्यांच्या कांठीं अशीं खाजनें शतकानुशतकें चालत आलीं आहेत. त्यांची रचना चार अंगांची आहे.

पहिलें अंग बाहेरचा बांध. तो खाडींतील चिकणमातीचा असून जेथें प्रवाहाचा मार बसतो तेथें त्यास जांभ्या दगडाचें अस्तर असतें. त्याचा माथा सर्वांत मोठ्या उधाणाच्या पातळीहून उंच ठेवितात. बांधाच्या बाहेर तिवरांची रांग.

दुसरें अंग मानस. आपल्याकडे उत्तर कोंकणांत जिला उघाडी म्हणतात तीच ही. बांधांत दगडी तोंड ठेवून त्यास लांकडी दारें बसविलेलीं असतात. हीं दारें नदीच्या बाजूस उघडतात, शेताच्या बाजूस उघडत नाहींत. भरती आली कीं बाहेरच्या पाण्याचा दाब दारांस चौकटीवर घट्ट बसवितो व खारें पाणी आंत येत नाहीं. ओहोटी लागून बाहेरची पातळी आंतल्या पातळीखालीं गेली कीं आंतील पाणीच दारें ढकलून बाहेर पडतें.

तिसरें अंग पोंय. मानशीच्या आंतल्या बाजूस असलेलें हें तळें व त्यास मिळणारे चर, यांत शेतांतून निथळलेलें पाणी सांचतें. दारें बंद असतील त्या सहा तासांतील पावसाचें पाणी शेतावर न तुंबतां येथें थांबतें.

चौथें अंग आंतील लहान बांध व त्यांमधील शेतें. पोंयेजवळ सर्वांत सखल व खारवट, डोंगराकडे चढीचीं व गोडीं.

माझा पुतण्या तेरा वर्षांचा आहे. त्यानें दारांस सांखळी, चाक अथवा विजेचें यंत्र कोठें आहे तें शोधून पाहिलें व मग विचारलें, “हीं दारें बंद कोण करतें?” म्हाताऱ्यांनीं त्यास बांधावर बसविलें व “पाण्यालाच विचार” असें म्हणून स्वतः कामास गेले. पोर अर्धा तास बसला. बाराच्या सुमारास बाहेरचें पाणी चढतां चढतां दारें हलूं लागलीं, एकदां उघडझाप झाली आणि शेवटीं धप्प असा आवाज होऊन तीं बसलीं. त्यानंतर बाहेरचें पाणी आंतल्यापेक्षां वर चढत गेलें. आम्ही बांधावर जेवीत असतां एका अंगास नदी जवळजवळ आमच्या पायांशीं व दुसऱ्या अंगास भाताचें खळें त्याहून हातभर खालीं, असा देखावा होता. भावानें दोन्हीकडे पाहिलें व जेवतां जेवतां तो गप्प झाला. आपल्या कोपऱ्याचें काय झालें आहे हें त्यास तेव्हां समजलें असावें.

मीठ किती येतें, पाऊस किती धुतो

येथें थोडा हिशेब करूं. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. एक एकर जमिनीवर असें पाणी १० सेंटिमीटर उभें राहिलें तर तें सुमारें ४ लक्ष लिटर भरतें, व त्यांतील क्षार होतात सुमारें १४ टन. खाडींत गोडें पाणी मिसळून खारेपणा निम्म्यावर आला असें धरलें तरी ७ टन राहतात. ओहोटीबरोबर यांतील बराचसा भाग परत जातो. पण जें पाणी खळग्यांत अडकून उन्हानें आटतें त्याचें मीठ जमिनींतच राहतें. भगदाडांतून दिवसांतून दोनदां, वर्षांतून सातशेंहून अधिक वेळां भरती आंत येते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे दोनच वर्षांत रोप कां जळलें याचें आश्चर्य वाटत नाहीं.

उलट बाजूस पाऊस आहे. वेंगुर्ल्याच्या बाजूस वर्षाकाठीं अडीच ते तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी तेंच ४ लक्ष लिटर, पण गोडें पाणी. जून महिन्यांतील पहिले पाऊस जमिनीचें मीठ विरघळवितात व मानशीवाटे तें बाहेर जातें. म्हणून खाजनाचा शेतकरी पहिलें पाणी अडवीत नाहीं, सोडून देतो. पुढें रोपास पाणी लागतें तेव्हां अडवितो. मानस जर बिघडलेली असेल तर हें धुणें अर्धेंच होतें, कारण पाणी बाहेर पडलें तरी पुढच्या भरतीस मीठ परत येतें.

शास्त्रीय परिमाण असें आहे कीं, मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता ४ डेसिसीमेन्स प्रतिमीटर याहून अधिक असल्यास ती जमीन क्षारयुक्त समजावी. सामान्य भातास ३ च्या पुढें त्रास होऊं लागतो व तेथून दर एककास उत्पन्न सुमारें १२ टक्क्यांनीं घटतें. खाजनांत म्हणूनच कोरगूट हें क्षार सोसणारें जुनें भात पिढ्यानपिढ्या टिकून आहे. त्याचा उकडा तांदूळ पेजेस उत्तम होतो. गोव्यांतील भारतीय कृषि अनुसंधान परिषदेच्या संस्थेनें ‘गोवा धान’ या नांवाच्या क्षारसहिष्णु जाती प्रसृत केल्या आहेत, व आपल्याकडे पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रानें पनवेल-१, २ व ३ या जाती दिल्या आहेत. तथापि कोणतेंही बियाणें फुटक्या बांधास पर्याय होत नाहीं. जात ही खारेपणा सोसते. भरती सोसत नाहीं.

सामाईकपणाचा हिशेब

हें सर्व बांधकाम एकट्या शेतकऱ्याच्या आवांक्यांतलें नव्हे. एकानें आपल्यापुरता बांध उत्तम राखला व शेजाऱ्यानें आपला भाग सोडला तर पाणी दोघांच्याही शेतांत येतें. म्हणून खाजन आरंभापासून गांवकीच्या मालकीचें होतें. गोव्यांतील गांवकरी संस्था पोर्तुगीजांच्या पूर्वींची आहे. गोव्याच्या बेटांतील गांवांच्या चालीरीति त्यांनीं १५२६ च्या फोरालांत प्रथम लेखीं आणिल्या. पेडणें तालुका तर अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सावंतवाडीकडे होता, म्हणजे या बांधांची कुळकथा आपल्याहून निराळी नाहीं. गांवकरीच्या व्यवस्थेंत शेतें पावणीनें, म्हणजे लिलांवानें, लावण्यास देत व उत्पन्नांतून प्रथम बांध, मानस, देऊळ इत्यादि सामाईक खर्च भागवून उरेल तें वांटीत. बांधाचा खर्च आधीं, वांटणी मागून, हा क्रम लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

गोवा मुक्त झाल्यावर १९६४ चा कूळकायदा आला व १९७६ च्या दुरुस्तीनें कसणारा कूळ जमिनीचा मालक ठरला. कसणाऱ्यास न्याय मिळाला; परंतु बांध राखणारी जुनी संस्था मागें पडली. तिची जागा भरावी म्हणून १९७५ मध्यें कुळांच्या संयुक्त जबाबदारीचे नियम करण्यांत आले. त्यांप्रमाणें एका बांधाखालील कुळांचा संघ असतो व बांध आणि मानस यांची देखभाल त्या संघाकडे येते. मानशीच्या तोंडाशीं रात्रीं जाळें लावून ओहोटीबरोबर निघणारे मासे व कोळंबी धरतात. त्या मासेमारीची पावणी होते व येणारा पैसा बांधाच्या कामीं लागतो. जेथें हें ठीक चाललें आहे तेथें खाजन उभें आहे.

जेथें चाललें नाहीं तेथें काय होतें हेंही आम्हांस त्या वृद्धांनीं सांगितलें. मासळीचें मोल भाताहून चढलें. मानस घेणारास जितकें खारें पाणी आंत येईल तितका लाभ. शेतकऱ्यास तितकी हानि. मानस घेणारा बहुधा बाहेरचा, त्याचें शेत बांधाखालीं नाहीं. मग दारें उघडीं राहतात, चिंबोऱ्यांचीं बिळें बुजविलीं जात नाहींत, शेतें पडीक पडतात, आणि शेत पडीक पडल्यावर शेतकऱ्यासही वाटतें, भाडें येत आहे तेंच पुरे. पुढें बांध फुटला म्हणजे त्या भाड्याचाही आधार उरत नाहीं.

यावरून निघणारें तत्त्व साधें आहे. सामाईक बांधापासून ज्यास लाभ त्याच्याच माथीं त्याचें नुकसान असलें पाहिजे. लाभ एकाकडे व नुकसान दुसऱ्याकडे अशी फांक पडली कीं बांध फुटण्याची तयारी झाली असें समजावें. आमच्या रेडीच्या कोपऱ्यांत मासळीचा प्रश्न नव्हता, पण फांक तीच होती : उतारा तेविसांच्या नांवें आणि चिखल दोघांच्या हातीं.

इतर ठिकाणचे दाखले

केरळांतील पोक्कळी शेतांत भात व कोळंबी यांचें भांडण दिनदर्शिकेनें मिटविलें आहे. १५ एप्रिलपासून १४ नोव्हेंबरपर्यंत शेत भाताचें, १५ नोव्हेंबरपासून १४ एप्रिलपर्यंत कोळंबीचें. तारीख ठरलेली असल्यामुळें वादास जागा कमी राहते.

हॉलंडांत समुद्राच्या पातळीखालील जमिनी राखण्याकरितां जलमंडळें तेराव्या शतकापासून आहेत. तेथें व शेजारच्या जर्मन किनाऱ्यावर जुना रिवाज असा होता कीं, ज्यास आपल्या वाट्याचा बांध राखणें झेपत नसे त्यानें आपलें फावडें बांधांत रोंवून निघून जावें. जो तें फावडें उपटून काम हातीं घेई त्याची ती जमीन होई. रिवाज कठोर खरा. परंतु त्यामागील जाणीव अशी कीं, बांधाशिवाय जमीन म्हणून कांहीं वस्तूच नाहीं.

आपल्या कुलाबा, म्हणजे हल्लींच्या रायगड जिल्ह्याच्या, खारेपाटांत शेतकरी एकत्र जमून अंगमेहनतीनें बांध राखीत. त्या पद्धतीस जोळ म्हणत. पुढें १९४८ चा मुंबई खारजमीन कायदा व त्यानंतर १९७९ चा महाराष्ट्र खारजमीन विकास कायदा झाला आणि पुष्कळ बांध सरकारी योजनांखालीं आले. सरकार करील म्हणून जोळ मोडली, आणि जेथें सरकारी काम वेळेवर पोंचलें नाहीं तेथें दोन्ही गेलें. आपला बांध योजनेंत समाविष्ट आहे कीं नाहीं याची चौकशी प्रत्येकानें खारभूमि विकास विभागाकडे करावी. नसेल तर जबाबदारी आपलीच आहे हें निश्चित समजावें.

मुलांस काय दाखवावें

अशी सहल करूं इच्छिणाऱ्यांस दोन-चार सूचना कराव्याशा वाटतात. मुलांस व्याख्यान देऊं नये, काम द्यावें. आम्हीं पुतण्यास मानशीच्या दगडावर दर पंधरा मिनिटांनीं पाण्याची खूण करावयास लाविली. माझ्या मुलीनें व पुतणीनें बांधाच्या कडेनें चालून बिळें मोजिलीं. शंभर पावलांत सत्तावीस भरलीं. चिंबोरीचें बीळ दिसावयास करंगळीएवढें, पण भरतीचें पाणी त्यांतून झिरपूं लागलें म्हणजे माती वाहून जाते व उंदराची घूस व्हावी तसें तें वाढतें. ओहोटीच्या वेळीं बांधाच्या आंतील अंगास ओला डाग दिसला कीं तेथें गळती आहे असें समजून त्याच दिवशीं चिकणमाती ठांसावी, हें म्हाताऱ्यांनीं मुलींस हात धरून दाखविलें व त्यांच्याकडून दोन बिळें बुजवून घेतलीं.

दुसरी सूचना अशी कीं, घरांतील स्त्रियांस अवश्य न्यावें. आमच्या आईस पूर्वीं बांधावर काम केल्याचा अनुभव आहे. मानशीजवळची माती हातांत घेऊन तिनें जिभेस लाविली व “आमच्या वरच्या कुणग्याएवढीच खारट” असें सांगितलें. आमच्यांतील कोणासही तो वरचा कुणगा कोणता हें ठाऊक नव्हतें. तेव्हां माझ्या मनांत आलें कीं, ही माहिती कोणत्याही उताऱ्यावर नाहीं, आणि आईबरोबर ती जाणार. उताऱ्यावर नांव वारसानें आपोआप चढतें; जमिनीची ओळख तशी चढत नाहीं. शिवाय १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यांत २००५ मध्यें झालेल्या दुरुस्तीनें वडिलोपार्जित मालमत्तेंत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला आहे. ज्या बहिणीची सही आपणांस लागते तिला शेत दाखविणें हें अगत्याचें नव्हे काय?

तिसरी सूचना : दारें उघडेपर्यंत थांबावें. आम्हांस चार वाजले. मुलें कंटाळलीं होतीं. परंतु बाहेरचें पाणी उतरतां उतरतां दारें कुरकुरलीं, फट पडली, आणि आंतलें पाणी लोटानें नदींत शिरलें, तेव्हां सर्वांत आधीं धांवला तो पुतण्या. त्याच्या खुणांवरून दारें बंद झाल्यापासून उघडेपर्यंत चार तासांस थोडें कमी लागले होते. हा आंकडा त्यानें स्वतः काढिला, म्हणून तो विसरणार नाहीं.

घरीं आल्यावर

रात्रीं रेडीस परतल्यावर कंदील लावावा तशी सर्व मंडळी ओटीवर बसली व मी वही काढिली. बांधाचा हिशेब मांडिला तो असा : एकंदर क्षेत्र १८० गुंठे. आतां भगदाड वाढून चाळीस हातांचें झालें आहे. माती, दगड व दोन ठिकाणची मजबुती धरून अंदाजें ९० दिवसांचें एका माणसाचें काम. म्हणजे दर गुंठ्यास अर्धा दिवस. आमच्या घराण्याचे ५४ गुंठे, तेव्हां आमच्याकडे २७ दिवस. ज्यास अंगमेहनत करणें शक्य नाहीं त्यानें तितक्या दिवसांची मजुरी आधीं जमा करावी. दगडाचा खर्च याच प्रमाणांत. बहिणीनें आपल्या वाट्याची रक्कम प्रथम लिहिली, भावानें मागून, व त्यानें मे महिन्यांत मुलासह आठ दिवस स्वतः यावयाचें कबूल केलें.

आतां तिवरांचा प्रश्न. तीं रोपें उपटून काम सुरू करणें हा गुन्हा होईल व आम्ही तो करणार नाहीं. तहसीलदारांकडे व वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे पाहणीचा अर्ज आम्हीं केला आहे. जेथें रोपें दाट झालीं आहेत तो खाडीकडील पट्टा सोडून देऊन बांध थोडा आंत घ्यावा, अशी तोड त्यांत सुचविली आहे. तसें झाल्यास आमचे सुमारें तीस गुंठे जातील. पण दीड एकशें गुंठे राहतील, व सुटलेला पट्टा पुढच्या बांधाचा पहारेकरी होईल. परवानगी मिळाल्यास माघ वद्य अष्टमीच्या भांगांत, पाणी सर्वांत कमी चढतें तेव्हां, भगदाडाचें तोंड बंद करावयाचें असें ठरलें आहे.

सात घराण्यांपैकीं हें लिहीपर्यंत चौघांचे होकार आले आहेत. दोघांचीं उत्तरें नाहींत. एकानें आपला भाग विकावयाचा आहे असें कळविलें. त्यास आम्हीं आधीं येऊन एकदां बांध पाहून जावा अशी विनंति केली आहे. परवानगी मिळेल किंवा न मिळेल, पाऊस थांबावयाचा नाहीं व भरतीही नाहीं. सहा वर्षांपूर्वीं दोन हातांच्या भगदाडाच्या वेळींच अशी सहल काढिली असती तर तीस गुंठे गमवावे लागले नसते, एवढें मात्र मला आतां स्पष्ट दिसतें.

असो. ज्या वाचकांची जमीन सामाईक बांधाखालीं आहे त्यांनीं येत्या सुटींत बाहेरगांवची आपलीं माणसें घरीं आलीं असतां एक दिवस तिकडे काढावा. दुसऱ्याचें खाजन दूर असेल तर स्वतःच्याच बांधावर जावें. पण तिथि पाहून, भरती-ओहोटी दोन्ही साधून, मुलाबाळांसह व वही घेऊन जावें. भगदाड दोन हातांचें आहे तोंवरच हें करावें, इतकीच विनंति आहे.